नवं विमान नक्की कुठवर आलं? कारखान्यापासून पहिल्या फेरीपर्यंतचा माग कसा काढावा

‘कंपनीनं पाचशे विमानं घेतल्याचं केव्हाच वाचलं, मग आमच्या मार्गावर अजून जुनंच विमान का?’ ‘फ्रान्समध्ये रंगवून उभ्या असलेल्या विमानाचा फोटो सगळीकडे फिरतोय, ते मुंबईत कधी दिसेल?’ ‘मुलगी केबिन क्रूचा कोर्स करायचं म्हणते. एवढी विमानं येणार आहेत, तर फी भरून टाकावी का?’ असे प्रश्न वाचकांकडून सतत येतात. तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच घोळ आहे. ऑर्डर, उत्पादन, ताबा आणि सेवा या चार वेगवेगळ्या पायऱ्या बातम्यांमध्ये एकत्र कालवल्या जातात. प्रत्यक्षात त्यांच्यात महिन्यांचं, कधी कधी वर्षांचं अंतर असतं.

हे अंतर घरबसल्या मोजता येतं. त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती उघड आहे आणि फुकट मिळते. ती कुठं पाहायची, कोणत्या खुणेचा काय अर्थ लावायचा आणि कुठं फसायला होतं, ते इथं सांगतो.

आधी चार तारखा वेगळ्या करा

कोणतीही बातमी वाचताना स्वतःला विचारा, ही यातली कोणती तारीख आहे?

- ऑर्डरची तारीख. एअर इंडियानं फेब्रुवारी २०२३ मध्ये एअरबस आणि बोईंग मिळून ४७० विमानांची घोषणा केली. इंडिगोनं जून २०२३ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ए३२० कुटुंबातल्या ५०० विमानांची ऑर्डर दिली. त्या दिवशी यातलं एकही विमान भारतात आलेलं नव्हतं. बहुतेकांची जुळणीसुद्धा सुरू व्हायची होती.
- पहिल्या उड्डाणाची तारीख. विमान कारखान्याच्या धावपट्टीवरून चाचणीसाठी उडतं. त्या वेळी ते उत्पादकाच्याच मालकीचं असतं.
- ताब्याची तारीख. पैसे चुकते होतात, मालकी बदलते. उद्योगात ‘डिलिव्हरी’ म्हणतात ती हीच.
- सेवेची तारीख. तिकीट काढलेले प्रवासी घेऊन पहिली फेरी सुटते.

दोन उदाहरणं लक्षात ठेवलीत की हिशेब पक्का बसेल. एअर इंडियाचं पहिलं ए३५०-९००, व्हीटी-जेआरए, २३ डिसेंबर २०२३ रोजी दिल्लीत उतरलं. त्याची पहिली प्रवासी फेरी २२ जानेवारी २०२४ रोजी बंगळूर–मुंबई अशी झाली. सुरुवातीला ते देशांतर्गत मार्गांवरच फिरलं, कारण वैमानिक आणि कर्मचाऱ्यांचा हात बसायचा होता. दिल्ली–लंडन मार्गावर ए३५० लागलं ते १ सप्टेंबर २०२४ पासून. म्हणजे विमान देशात आल्यावर लंडनच्या प्रवाशाला ते मिळायला आठ महिन्यांहून अधिक काळ गेला.

दुसरं उदाहरण मुंबईच्या अकासा एअरचं. त्यांनी पहिल्या ७३७ मॅक्सचा ताबा १६ जून २०२२ रोजी सिएटलला घेतला. २१ जूनला विमान दिल्लीत पोचलं, ७ जुलैला कंपनीला हवाई वाहतुकीचा परवाना मिळाला आणि ७ ऑगस्टला मुंबई–अहमदाबाद ही पहिली फेरी सुटली. कंपनीच नवी असल्यानं इथं परवान्याची एक पायरी जास्त होती.

एअर इंडियाला ऑर्डरनंतर वर्षाच्या आत ए३५० मिळालं, मग इतरांना पाच-पाच वर्षं का लागतात, असंही विचारलं जातं. याचं कारण असं की ते विमान मुळात रशियाच्या एअरोफ्लोटसाठी बनलं होतं. रशियावरच्या निर्बंधांमुळे ते तिकडं गेलं नाही. गिऱ्हाईक फिरल्यामुळे अडकलेल्या अशा विमानाला उद्योगात ‘व्हाइट टेल’ म्हणतात. एअर इंडिया एक्स्प्रेसला मिळालेल्या ७३७ मॅक्सपैकी अनेक विमानंही आधी चिनी कंपन्यांसाठी बनलेली होती. अशी विमानं लवकर मिळतात, पण आतली आसनं दुसऱ्याच कंपनीच्या पसंतीची असतात. ‘नवं विमान असून आत जुन्यासारखं का?’ या तक्रारीचं उत्तर अनेकदा इथं असतं.

ऑर्डरचा आकडा सोलून पाहा

घोषणेतल्या मोठ्या आकड्यात चार प्रकारची विमानं असू शकतात:

1. पक्की ऑर्डर: करार झाला, आगाऊ रक्कम भरली, उत्पादनाच्या रांगेत जागा मिळाली.
2. सामंजस्य करार: इरादा जाहीर केला, अजून सही-शिक्का बाकी.
3. ऑप्शन: ठरलेल्या अटींवर आणखी विमानं घेण्याची राखून ठेवलेली मुभा.
4. खरेदीचा हक्क: ऑप्शनपेक्षाही सैल. किंमत ठरलेली असू शकते, पण रांगेतल्या जागेची हमी नसते.

इंडिगोनं एप्रिल २०२४ मध्ये ३० ए३५०-९०० पक्की मागवली आणि आणखी ७० चा खरेदीचा हक्क घेतला. काही मथळ्यांत त्याची ‘१०० विमानं’ झाली. त्या हक्कातली ३० विमानं २०२५ मध्ये पक्की झाली, तेव्हा पक्का आकडा ६० वर गेला. पक्क्या ऑर्डरीखेरीज बाकी सगळं ‘झालं तर झालं’ या सदरात टाका.

पक्की ऑर्डरसुद्धा तारखेची हमी देत नाही. बोईंगनं ७७७एक्स हे विमान नोव्हेंबर २०१३ मध्ये विक्रीला काढलं, तेव्हा पहिली डिलिव्हरी २०२० मध्ये ठरली होती. पहिलं चाचणी उड्डाणच जानेवारी २०२० मध्ये झालं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीनं पहिल्या डिलिव्हरीसाठी २०२७ हे साल सांगितलं. एअर इंडियाच्या ऑर्डरीत अशी १० विमानं आहेत. अजून प्रमाणपत्र न मिळालेल्या मॉडेलची तारीख कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तिच्यावर तुमच्या सुट्टीचा बेत उभा करू नका.

नोंदणी बदलते, अनुक्रमांक बदलत नाही

माग काढणाऱ्यानं पहिली गोष्ट मिळवायची ती विमानाचा उत्पादन अनुक्रमांक. गाडीच्या चासी नंबरसारखा तो विमानाला जन्मभर चिकटलेला असतो. मालक बदलो, रंग बदलो, देश बदलो, अनुक्रमांक तोच. एअरबस आणि बोईंग दोघेही तो देतात. बोईंगच्या विमानाला शिवाय ‘लाइन नंबर’ असतो, तो जुळणीच्या रांगेतला क्रम सांगतो. दोन्ही आकडे एकच समजून अनेकांची गल्लत होते.

नोंदणी मात्र बदलत जाते. तुलूझमध्ये चाचणीवर असलेल्या विमानावर एफ-डब्ल्यू अशी सुरुवात असलेली तात्पुरती फ्रेंच नोंदणी असते. हॅम्बुर्गला बनलेल्या विमानावर डी-ए अशी जर्मन आणि बोईंगच्या विमानावर बहुधा एन ने सुरू होणारी अमेरिकन. व्हीटी ही भारताची खूण शेवटी लागते. कित्येकदा व्हीटी अक्षरं आधीच रंगवलेली असतात आणि चाचणीपुरती त्यांच्यावर पट्टी चिकटवून तात्पुरती नोंदणी लिहितात. त्यामुळे फोटोत व्हीटी दिसलं म्हणजे विमान भारताच्या नावावर झालं, असं समजू नका.

नोंदणीबरोबर ट्रान्सपाँडरचा, म्हणजे विमानाची ओळख प्रसारित करणाऱ्या यंत्राचा, कोडही बदलतो. भारतीय नोंदणीच्या विमानांचा कोड ८० ते ८३ या अंकांनी सुरू होतो, अमेरिकन विमानांचा ए या अक्षरानं. तुम्ही जुना कोड धरून बसलात तर ताब्याच्या दिवशी विमान पडद्यावरून ‘गायब’ होईल. ते हरवलेलं नसतं, त्याचा देश बदललेला असतो.

कारखान्यात कोणत्या खुणा पाहायच्या

सगळी विमानं एका ठिकाणी बनत नाहीत. कोणतं मॉडेल कुठल्या विमानतळावरून बाहेर पडतं हे माहीत असलं की शोध निम्मा होतो. कोड लिहून ठेवा:

- तुलूझ (टीएलएस), फ्रान्स: ए३५० आणि ए३३०. ए३२० कुटुंबाची जुळणीही इथं होते.
- हॅम्बुर्ग फिंकनवेर्डर (एक्सएफडब्ल्यू), जर्मनी: ए३२० कुटुंब, विशेषतः ए३२१.
- चार्ल्सटन (सीएचएस), अमेरिका: बोईंग ७८७. २०२१ पासून जुळणी फक्त इथंच होते.
- एव्हरेट (पीएई), अमेरिका: ७७७ आणि ७७७एक्स.
- रेंटन (आरएनटी), अमेरिका: ७३७ मॅक्स. जुळणी इथं होते, पण ताबा बहुधा सिएटलच्या बोईंग फील्डवर (बीएफआय) दिला जातो.

एअरबसची ए३२० कुटुंबातली विमानं अमेरिकेत मोबिल आणि चीनमध्ये तिआनजिन इथंही जुळवली जातात.

आता एका ए३५० चा प्रवास बारकाईनं पाहू. पंख वेल्समधल्या ब्रॉटनला तयार होतात, जर्मनीतल्या ब्रेमेनला त्यांत यंत्रणा बसतात. धडाचे भाग फ्रान्समधल्या सेंट-नाझेर आणि जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून, तर शेपटीचा आडवा भाग स्पेनमधल्या खेताफेहून येतो. हे अवाढव्य तुकडे बेलुगा एक्सएल या फुगीर डोक्याच्या मालवाहू विमानातून तुलूझला आणतात. त्यात ए३५० चे दोन्ही पंख एकाच खेपेत मावतात. तुलूझला धड जोडलं जातं, मग पंख, शेपटी, चाकं. विजेचा प्रवाह सोडून चाचण्या होतात, आत केबिन भरली जाते. रोल्स-रॉईसची ट्रेंट एक्सडब्ल्यूबी इंजिनं उशिरा चढतात, कारण विमानातली ती सर्वांत महाग वस्तू आहे आणि लवकर बसवून पैसा अडकवून ठेवायला कुणी तयार नसतं.

यातली सर्वांत उपयोगी खूण म्हणजे उभी शेपटी. एअरबसमध्ये ती जोडण्याआधीच रंगवलेली असते. त्यामुळे बाकीचं विमान कोरं असतानाही शेपटीवरून गिऱ्हाईक ओळखू येतं. पण शेपटी दिसल्यापासून ताब्यापर्यंत महिने जाऊ शकतात. पूर्ण रंगलेलं, इंजिनं बसलेलं आणि चाचणीला उडालेलं विमान दिसलं, तरच आठवड्यांच्या भाषेत बोला.

इंजिनांच्या जागी पिवळे ठोकळे किंवा वजनं लटकलेली दिसली, तर समजा की विमान इंजिनांची वाट बघत उभं आहे. २०२५ च्या मध्यावर एअरबसकडे अशी सुमारे ६० विमानं होती. इतर सगळं तयार, इंजिनं नाहीत. त्यांना उद्योगात ‘ग्लायडर’ म्हणतात.

बोईंग ७८७ चे तुकडे तर तीन खंडांतून येतात. पंख जपानमधल्या नागोयाहून, धडाचे काही भाग इटलीतल्या ग्रोतालियेहून, नाकाचा भाग अमेरिकेतल्या विचिटाहून. आणि केबिनच्या जमिनीखालच्या कार्बन फायबरच्या तुळया आपल्या नागपूरच्या मिहानमधल्या टाटांच्या कारखान्यातून. ७८७ मधून जाताना पायाखाली नागपूरचं काम असतं, हे विदर्भातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगा.

आकाशातला माग: पायरीपायरीनं

फ्लाइटरडार२४, एडीएस-बी एक्स्चेंज किंवा फ्लाइटअवेअर यांपैकी ट्रॅकिंगची कोणतीही साइट चालेल. विमानं स्वतःच आपली जागा, उंची आणि ओळख प्रसारित करतात. जमिनीवरचे हजारो रिसीव्हर ती टिपतात.

1. प्लेनस्पॉटर्स डॉट नेटसारख्या ताफ्याच्या यादीत कंपनीचं नाव टाका. ‘ऑन ऑर्डर’ किंवा तत्सम सदरातून अनुक्रमांक आणि तात्पुरती नोंदणी टिपून घ्या.
2. ती नोंदणी ट्रॅकिंगच्या साइटवर शोधा. मॉडेलचा कोड ताडून पाहा: ए३५९ म्हणजे ए३५०-९००, ए३५के म्हणजे ए३५०-१०००, बी७८९ म्हणजे ७८७-९, बी३८एम म्हणजे ७३७ मॅक्स ८, ए२१एन म्हणजे ए३२१निओ.
3. उड्डाणाच्या नावाकडे पाहा. एआयबी ने सुरू होणारं नाव म्हणजे एअरबसची चाचणी, बीओई म्हणजे बोईंगची. ही उड्डाणं बहुधा जिथून सुटतात तिथंच परत उतरतात.
4. उत्पादकाच्या चाचण्या झाल्या की गिऱ्हाईकाचे वैमानिक आणि अभियंते घेऊन स्वीकृतीचं उड्डाण होतं. सगळं ठीक असेल तर ताबा त्यानंतर काही दिवसांतच.
5. नोंदणी व्हीटी झाली, विमान कंपनीच्या स्वतःच्या क्रमांकानं उडालं आणि दिशा भारताची असली, तर ते घरी निघालं. तुलूझ–दिल्ली ए३५० एका दमात गाठतं. सिएटलहून निघालेल्या ७३७ ला मात्र इंधनासाठी थांबावं लागतं, अनेकदा आइसलँडच्या केफ्लाविकला.

इथं फसायला होतं. चाचणीनंतर विमान तारब-लूर्द किंवा अमेरिकेतल्या मोझेस लेकसारख्या ठिकाणी गेलेलं दिसलं, तर ते बहुधा तात्पुरतं साठवणीला गेलेलं असतं. त्यावर ‘डिलिव्हर झालं’ अशी पोस्ट टाकू नका. रिसीव्हर नसलेल्या भागात सिग्नल तुटतो, त्यावरून अपघाताच्या अफवा पसरवू नका. साइटवर दिसणारा फोटो त्याच दिवसाचा असेलच असं नाही, फोटोखालची तारीख वाचा.

ताब्याचा दिवस: कागदांचा दिवस

ताबा हा सोहळा कमी आणि व्यवहार जास्त असतो. गिऱ्हाईकाची माणसं केबिनमधलं प्रत्येक आसन मागंपुढं करून बघतात, दिवे, पडदे, शौचालयं तपासतात, रंगातले ओरखडे लिहून काढतात. उत्पादक ते दुरुस्त करतो. तांत्रिक स्वीकृतीवर सह्या झाल्या की उरलेली रक्कम बँकेतून जाते आणि मालकी बदलते. विमान बांधत असताना कंपनीनं हप्त्यांनी आगाऊ रक्कम भरलेलीच असते. मोठा हिस्सा या दिवशी जातो.

विमान भारतीय कंपनीच्या रंगात असलं, तरी मालक ती कंपनी असेलच असं नाही. भाड्यानं देणारी लीझिंग कंपनी किंवा वित्तपुरवठा करणारी संस्था मालक असू शकते. एअर इंडियाच्या पहिल्या ए३५० चा व्यवहार गुजरातच्या गिफ्ट सिटीतल्या त्यांच्याच उपकंपनीमार्फत झाला. म्हणूनच उत्पादकाच्या यादीत तुमच्या कंपनीचं नाव न दिसता लीझिंग कंपनीचं दिसलं, तर गोंधळू नका.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेची प्रमाणपत्रं देतं. विमान आधी दुसऱ्या देशाच्या नोंदवहीत असेल तर तिथून नाव काढल्याचा दाखला लागतो. डीजीसीएच्या संकेतस्थळावरची नोंदणीकृत विमानांची यादी तुम्ही पाहू शकता, फक्त ती रोजच्या रोज ताजी होते असं धरू नका. अमेरिकन नोंदणी तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाच्या संकेतस्थळावर एन क्रमांक टाकून लगेच सापडते.

गो फर्स्ट ही विमान कंपनी मे २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेल्यावर विमानमालकांना आपली विमानं परत नेताना मोठा झगडा करावा लागला. त्यानंतर २०२५ मध्ये केपटाउन या आंतरराष्ट्रीय कराराला देशात बळ देणारा कायदा संसदेनं केला. त्यामुळे भाडेकरू कंपनी बुडाली तर विमान परत मिळण्याची खात्री वाढते, आणि तशी खात्री असेल तरच परदेशी मालक वाजवी दरानं विमानं देतात.

महिन्याचे आकडे कसे वाचावेत

एअरबस महिना संपल्यावर थोड्याच दिवसांत ऑर्डर आणि डिलिव्हरीची तक्ताबंद यादी संकेतस्थळावर टाकते. बोईंग साधारण दुसऱ्या मंगळवारी टाकते. दोन्हींत कंपनीनिहाय आणि मॉडेलनिहाय आकडे मिळतात. २०२४ मध्ये एअरबसनं ७६६ विमानं दिली, बोईंगनं ३४८.

एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नका. एअरबसची वर्षअखेरीची घाई ठरलेली आहे: २०२४ मधल्या ७६६ पैकी १२३ विमानं एकट्या डिसेंबरात गेली. पुढच्या जानेवारीचा आकडा घसरला की ‘एअरबस संकटात’ असे मथळे येतात, ते मनावर घेऊ नका. एकूण ऑर्डर आणि निव्वळ ऑर्डर यातला फरकही पाहा, रद्द झालेल्या ऑर्डरी वजा केल्यावर उरतो तोच आकडा कामाचा.

उशीर नेमका कुठं होतो

- इंजिनं. प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनातल्या धातूच्या भुकटीतल्या दोषामुळे तपासणीसाठी इंजिनं उतरवावी लागली. नवी इंजिनं नव्या विमानांना द्यायची की जमिनीवर अडकलेल्यांना, असा पेच पडला.
- आसनं. ही विमान कंपनी स्वतः वेगळ्या पुरवठादाराकडून घेऊन कारखान्यात पाठवते. बिझनेस क्लासच्या आसनाला सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत तयार विमान थांबून राहतं.
- नियामक. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स ९ चा दरवाजाच्या जागी बसवलेला भाग हवेत निखळला. त्यानंतर अमेरिकन विमान वाहतूक प्रशासनानं ७३७ चं उत्पादन महिन्याला ३८ वर रोखून धरलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ४२ पर्यंत वाढवायला परवानगी दिली. ७८७ च्या डिलिव्हरी मे २०२१ ते ऑगस्ट २०२२ पूर्ण बंद होत्या.
- संप. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२४ मध्ये बोईंगच्या सिएटल परिसरातल्या कामगारांनी सात आठवड्यांहून अधिक काळ काम बंद ठेवलं.

उशीर झाला म्हणजे कुणीतरी थापा मारतंय, असा अर्थ लगेच लावू नका. आणि सुरक्षेसाठी झालेल्या उशिराबद्दल प्रवासी म्हणून आपण तक्रार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रवासी म्हणून तुम्ही काय कराल, तुमचा हक्क काय

नवं विमान पाहून जास्त पैसे मोजणार असाल, तर तिकीट काढण्याआधी आसनांचा नकाशा उघडा. एअर इंडियाच्या ए३५०-९०० मध्ये बिझनेस क्लास १-२-१ असा आहे: २८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी, २६४ इकॉनॉमी. जुन्या ७८७-८ मध्ये नूतनीकरण झालेलं नसेल तर बिझनेस २-२-२ दिसेल. विमान सुटण्याच्या आदल्या दिवशी नकाशा पुन्हा पाहा. अचानक मांडणी बदलली असेल, तर विमान बदललं आहे.

हक्कांचं असं आहे:

- फक्त विमान बदललं, वर्ग तोच राहिला: भरपाई मिळत नाही. कोणतं विमान येईल याची हमी तिकिटात नसते. पण पैसे भरून निवडलेलं आसन मिळालं नाही, तर त्या आसनाचं शुल्क परत मागा.
- तुमच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं: डीजीसीएचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० पर्यंत ५० टक्के, त्यापुढं ७५ टक्के. प्रवास करूनही हा परतावा मिळतो. विमानतळावर ‘व्हाउचर घ्या’ म्हटलं, तर नियमाचा हवाला द्या.
- युरोपीय संघातून सुटणारं विमान: कंपनी भारतीय असली तरी तिथला ईसी २६१ हा नियम लागू होतो. खालच्या वर्गासाठी परतावा त्यातही आहे.
- फेरीच रद्द केली: पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांत निवड तुमची.

बदललेल्या आसनाचा बोर्डिंग पास आणि संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, मग एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

विद्यार्थी आणि पालकांनी

या भागासाठी मी मुद्दाम जागा ठेवली, कारण इथं चुकीच्या अंदाजाची किंमत सर्वांत मोठी आहे. ‘पाचशे विमानं येतायत, नोकऱ्याच नोकऱ्या’ असं सांगून प्रवेश देणाऱ्या संस्था गल्लोगल्ली आहेत. ऑर्डरची विमानं दहा-बारा वर्षांत हप्त्याहप्त्यानं येतात. त्यातली बरीच जुन्या विमानांच्या जागी लागतात. वैमानिकांची भरती झाली आणि विमानं वेळेत न आल्यानं त्यांना महिनोन्‌महिने उड्डाणाविना बसून राहावं लागलं, हेही आपल्या देशात घडलं आहे.

फी भरण्याआधी संस्थेला हे प्रश्न लेखी विचारा:

- तुमचा कोणत्या विमान कंपनीशी करार आहे? प्रत दाखवा.
- नोकरीची ‘हमी’ आहे की ‘साहाय्य’?
- नोकरी न लागल्यास फीचा किती भाग परत मिळतो, आणि कुठल्या मुदतीत?

वैमानिक होणाऱ्यांनी टाइप रेटिंगसाठी, म्हणजे ठरावीक मॉडेल उडवण्याच्या पात्रतेसाठी, कर्ज घाईनं काढू नये. ए३२० चं रेटिंग घ्यायचं की ७३७ चं, हे ठरवताना मागच्या बारा महिन्यांत त्या मॉडेलची किती विमानं प्रत्यक्ष व्हीटी नोंदणीत आली, एवढं मोजा. ऑर्डरचे आकडे बाजूला ठेवा.

शेअर घेणाऱ्यांनी

इंडिगोची मालक कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, तेव्हा ताफ्याचा आकडा तिच्या तिमाही निवेदनात मिळतो. एअर इंडिया आणि अकासा नोंदलेल्या नाहीत, त्यांच्या बाबतीत नोंदवही आणि ट्रॅकिंगवरच भिस्त. ताफ्यात किती विमानं आहेत यापेक्षा किती उडतायत हे विचारा. इंजिनांच्या तुटवड्यात इंडिगोची एके काळी सत्तरच्या आसपास विमानं जमिनीवर होती, आणि ती ताफ्याच्या आकड्यात मोजलेली होती.

कॅमेरा घेऊन निघणाऱ्यांनी

नव्या विमानाचं पहिलं आगमन टिपायची हौस मोठी असते. पण पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं आहे. तिथं धावपट्टी किंवा लष्करी भाग टिपणं गुन्हा ठरू शकतं, परवानगीशिवाय कॅमेरा काढूच नका. इतर विमानतळांवरही कुंपणाजवळ पोलिसांनी हटकलं तर वाद न घालता ओळखपत्र दाखवा आणि सांगितलं तर जागा सोडा. तिथं उभं राहण्याचा हक्क आहे की नाही, याचा निकाल रस्त्यावर लागत नाही.

पुढच्या वेळी विमानांची मोठी बातमी आली की आधी अनुक्रमांक शोधा. तो अजून नसेल, तर विमान फक्त कागदावर आहे. अनुक्रमांक आहे पण तात्पुरती नोंदणी नाही, तर ते कारखान्यात आहे. व्हीटी लागली आणि भारताकडे उड्डाण झालं, तर सेवेत यायला साधारण महिनाभर धरा. तिकीट, फी किंवा पैसा यांचा निर्णय त्याच्या आधी घेऊ नका.